बिलावर नवी सबफ्रेम, गाडीखाली एम-सीलने चिकटवलेला बोल्ट

एका गॅरेजातून दुरुस्त होऊन आलेल्या गाडीच्या डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला सबफ्रेमशी जोडणारा खालचा दांडा) बोल्टला सॉकेट लावलं आणि जोर द्यायच्या आधीच बोल्टचं डोकं सॉकेटमध्ये निघून आलं. डोक्याखाली एम-सीलचा थर होता आणि वरून काळा अंडरकोट मारलेला. बोल्टचा तुटलेला दांडा आत बुशात (आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्यात) तसाच अडकलेला. आर्म जागेवर होता तो केवळ गंजाच्या पकडीवर. बिल मात्र असं: नवी सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी गाडीखालची लोखंडी चौकट) १४,५००, दोन लोअर आर्म ७,६००, मजुरी ६,५००, अलाइनमेंट ८००. एकूण २९,४०० रुपये, तेही साध्या चिठ्ठीवर, जीएसटी नंबर नसलेलं.

गाडी बडोद्यात अकोट्याला राहणाऱ्या एका काकांची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर पाणी नेलं, तेव्हा ही गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. इंजिन, सीट, वायरिंग सगळं तपासून झालं. सस्पेन्शनचे बोल्ट कुणी बघितले नाहीत. पुढे ब्रेक मारला की खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने तुटलेल्या डोक्याचा फोटो पाठवला आणि फोनवर सांगितलं, ‘काका, बोल्ट अंदर तूटी गयो, आखी फ्रेम बदलवी पडशे.’ घाबरलेल्या माणसाने हो म्हटलं. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या शहरात पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर.

बोल्ट तुटतो कसा ते आधी. बुशाच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून आरपार जातो. दोघांमधली फट मिलीमीटरच्या अंशाइतकी. गाळाचं पाणी तिथे शिरलं की सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फट भरून नळी आणि बोल्ट एकजीव होतात. ओळखायची खूण सोपी आहे: पाना फिरतो, पण सोडला की मागे येतो. म्हणजे आटे सुटत नाहीत, नुसतं रबर पिळलं जातंय. इथेच थांबायला हवं. पान्याला चार फुटी पाइप लावून जोर केला की डोकं तुटलंच म्हणून समजा.

नीट काम करणारा मिस्त्री आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. सकाळी सहा कोनी सॉकेट घेतो, कारण बारा कोनी सॉकेट गंजलेल्या डोक्याचे कोपरे घासून टाकतं. आधी बोल्ट किंचित आवळतो, मग पाव फेरा सोडतो, पुन्हा आवळतो. तरी हलला नाही तर गॅसची आंच नटाला देतो, बोल्टला नाही. १४ मिमीचा नट ४०० अंशांनी तापला की त्याचं भोक साधारण ०.०७ मिमीने मोठं होतं, आणि तेवढ्याने गंजाची पकड सुटते. पण जवळ ब्रेकचा होज किंवा इंधनाची नळी असेल तर आंच अजिबात नको, आणि शॉक अॅब्सॉर्बरवर तर कधीच नाही. आत तेल आणि दाबाखालचा गॅस असतो. तो फुटला तर माणूस जायबंदी होईल.

हे सगळं करूनही बोल्ट तुटू शकतो. तेव्हा १ मिमीच्या डिस्कने किंवा मागे-पुढे चालणाऱ्या पॉवर करवतीने बुश आणि ब्रॅकेटच्या मधून दोन्ही बाजूंना काप घेतात. आर्म बाहेर येतो. बुश वाया जातो, त्याची तयारी हवी. नटात उरलेल्या तुकड्यावर नवा नट वेल्ड करून, वेल्डिंगची धग असतानाच फिरवला की बहुतेक वेळा तो येतो. नाहीच आला तर बरोबर मध्यभागी पंच मारून ड्रिल. १४ मिमी, १.५ पिचच्या आट्यांसाठी १२.५ मिमीचं भोक पाडून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवतात. इझी-आउटवर (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) जबरदस्ती करू देऊ नका: तो आत मोडला तर इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला लागत नाही. आतला वेल्ड केलेला नटच गरगर फिरत असेल तर सबफ्रेमला छोटी खिडकी कापून नवा नट बसवतात आणि खिडकी बंद करतात. हे दिवसभराचं काम आहे, आणि त्याची चांगली मजुरी मागणं रास्तच आहे. सबफ्रेम खरी बदलावी लागते ती पत्रा स्क्रू ड्रायव्हरने भोसकला जात असेल, फ्रेम वाकली असेल किंवा बोल्टचं भोक लांबट झालं असेल तेव्हा.

या गाडीत यातलं काहीच नव्हतं. सबफ्रेम गाडीच्या बॉडीला धरणाऱ्या बोल्टांवर पान्याचा एकही ओरखडा नाही, डोक्यांभोवती पुराचा गाळ अजून चिकटलेला. सबफ्रेम उतरवलेल्या गाडीत असं राहणं शक्यच नाही. ‘नव्या’ आर्मच्या बुशांना काळ्या रंगाखाली जुन्या भेगा.

उजव्या बाजूला त्याहून धोकादायक प्रकार सापडला. तिथे बोल्ट खरंच बदलला होता, पण हार्डवेअरच्या दुकानातला, डोक्यावर ४.६ लिहिलेला, टोकापर्यंत आटे असलेला. कंपनीच्या बोल्टवर १०.९ असतं; हे आकडे बोल्टची मजबुती सांगतात. १२ मिमीच्या बोल्टचा हिशेब केला तर ४.६ चा साधारण दोन टन ताणाला कायमचा लांबू लागतो, १०.९ चा आठ टनांच्या आसपास. शिवाय नळीत गुळगुळीत दांडा हवा. आटे नळीवर घासत राहतात, खेळ वाढतो आणि बोल्ट आट्याच्या खाचेतच तुटतो. वेगात आर्म सुटला तर ते चाक आडवं होतं. पैसे खाल्ले ते एक वेळ सोडा, पण चार माणसांना अशा गाडीतून हायवेवर पाठवणं अक्षम्य आहे.

म्हणून गाडी घेताना ती रॅंपवर चढवून खालून बघा. बदललेले जुने भाग मागा. सबफ्रेम काही खिशात मावत नाही, ‘भंगारात गेली’ हे उत्तर चालवून घेऊ नका. बोल्टच्या डोक्यांचे आकडे दिसतील असे फोटो काढा. नुकत्याच झालेल्या कामावर जाड काळा रंग दिसला तर तो खरवडून बघा. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद घ्या. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळताना चाकं जमिनीवर किंवा रॅंपच्या पाट्यांवर टेकलेली हवीत. लटकत्या चाकांवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो.

काकांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. कच्च्या चिठ्ठीमुळे काम अवघड झालं आहे, पण पैसे यूपीआयने दिल्याची नोंद आहे. चिकटवलेलं डोकं, तो ४.६ चा बोल्ट आणि खालून काढलेले तारखेसह फोटो एका पिशवीत बांधून ठेवले आहेत.