मोटो जी, दीड वर्षानंतर: गूगलनं मोटोरोला घेतली, त्यात आपल्या हाती काय पडलं?

मोटो जी हा मोटोरोलाचा स्मार्टफोन भारतात ५ फेब्रुवारी २०१४ ला आला. त्याच्या आठवडाभर आधी, २९ जानेवारीला, गूगलनं आपल्या ताब्यातली मोटोरोला लेनोवो या चिनी कंपनीला विकायचं जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे मी हा फोन घ्यायचं म्हटलं तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानदारानं सरळ विचारलं, "भाऊ, जी कंपनी मालकालाच नको झाली, तिचा फोन तू कशाला घेतोस? उद्या अपडेट कोण देणार?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर दीड वर्ष वापरल्यावर, ऑगस्ट २०१५ मध्ये, देता आलं, ते इथं सविस्तर लिहितोय.

मी १६ जीबीचा घेतला, १३,९९९ रुपयांना. ८ जीबीचा १२,४९९ ला होता. दुकानात मिळतच नव्हता, फक्त फ्लिपकार्टवर. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या पिनकोडला कुरिअरवाले यायला तयार नव्हते, म्हणून जळगावला चुलतभावाच्या पत्त्यावर मागवला आणि तिथून एस.टी.नं आणला. खानदेशातल्या कितीतरी लोकांनी तेव्हा असाच घेतला असेल.

फोनबद्दल आधी. साडेचार इंची ७२० पी स्क्रीन, स्नॅपड्रॅगन ४०० प्रोसेसर, १ जीबी रॅम, २०७० एमएएच बॅटरी. बॅटरी काढता येत नाही आणि मेमरी कार्डाला जागा नाही, हे घेण्याआधीच नीट समजून घ्यावं. दोन मायक्रो सिम बसतात. चार्जिंगच्या भोकाजवळच्या खाचेत नख घालून मागचं झाकण उचकटावं लागतं. पहिल्यांदा वाटतं आता मोडतंय, पण मोडत नाही. एक सिम घरचं, दुसरं इंटरनेटचं, आणि दोन्ही नंबर एकाच खिशात. आमच्याकडे शेतात एका कंपनीची रेंज, गावात दुसरीची, त्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटते.

शेतीच्या विजेची लाइन आमच्याकडे कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की विहिरीवर मोटर चालू करायला जाताना एका हातात फोनचा टॉर्च असतो. वरून पाण्याचे थेंब उडतात, ठिबकची नळी सुटली तर फवाराच अंगावर येतो. या फोनला आतून पाणी रोखणारा लेप दिलेला आहे. पाण्यात बुडवायला तो नाहीच, पण थेंब झेलायला पुरतो. कपाशीवर तुडतुडे दिसले किंवा पान लाल पडायला लागलं की फोटो काढून कृषी केंद्रवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करतो. कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा आहे. उन्हात, पान उलटं धरून, थोडं लांबून काढला तर समोरच्याला रोग ओळखता येतो. त्याहून जास्त अपेक्षा या किमतीत मी ठेवत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या आप्पांच्या जुन्या फोनवर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसायचे. या फोनवर बाजारभावाच्या ग्रुपमधला मेसेज उघडून दिला आणि त्यांनी 'क्विंटल' पासून खालपर्यंत सगळं घडघडा वाचलं, एकही जोडाक्षर तुटलेलं नव्हतं. मग अहिराणीत म्हणाले, "हाई मराठीमा कसं व्हयनं?" तेव्हापासून कापसाचा भाव ते स्वतः बघतात, मला विचारत नाहीत. सत्तरीच्या माणसाला फोन परका वाटला नाही, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. यामागे गूगलचं साधं, फापटपसारा नसलेलं अँड्रॉइड आहे. कंपनीनं वरून स्वतःची रंगरंगोटी केलेली नाही, दहा फालतू अ‍ॅप लादलेली नाहीत.

आणि अपडेट? दुकानदाराची शंका तीच होती. फोन अँड्रॉइड ४.३ वर आला, लगेच पुढचं किटकॅट ४.४ मिळालं, आणि २०१५ मध्ये त्यापुढचं लॉलीपॉप ५.०.२ सुद्धा मिळालं. हे शेवटचं अपडेट आलं तेव्हा मोटोरोला गूगलची राहिलेलीच नव्हती. ३० ऑक्टोबर २०१४ ला ती रीतसर लेनोवोची झाली होती. नव्या मालकानं जुन्या मालकाच्या काळातला शब्द पाळला. त्या किमतीचा फोन एकदा विकला की त्याच्याकडे वळून न बघण्याची पद्धत तेव्हा बाजारात सर्रास होती, म्हणून मी याला जास्त गुण देतो.

आता मूळ सौद्याकडे येतो, कारण "गूगलला फटका बसला" असं सगळीकडे म्हटलं जातं. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलनं मोटोरोला मोबिलिटी १२.५ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्या वेळच्या दरानं सुमारे ५६ हजार कोटी रुपये. शेअरच्या चालू भावापेक्षा ६३ टक्के जास्त मोजले. एवढी घाई का? त्याच्या आदल्या महिन्यात नॉर्टेल या बुडालेल्या कंपनीची सुमारे ६,००० पेटंट (शोधांवरचे कायदेशीर हक्क) अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंच्या गटानं ४.५ अब्ज डॉलरला उचलली होती. अँड्रॉइडवर खटल्यांचा मारा चालू होता आणि गूगलकडे स्वतःची पेटंट कमी होती. मोटोरोलाकडे सुमारे १७,००० होती.

आपल्याकडची भाषा वापरायची तर गूगलनं विहिरीसाठी शेत घेतलं आणि पुढे विहीर ठेवून शेत विकलं. हिशोब मांडला तर मोटोरोलाच्या खात्यावर आधीच ३ अब्जांच्या आसपास रोख होती. सेट-टॉप बॉक्सचा धंदा अ‍ॅरिस कंपनीला २.३५ अब्जांत विकला. फोनचा धंदा लेनोवोला २.९१ अब्जांत दिला, त्यात फक्त २,००० च्या आसपास पेटंट गेली, बाकीची गूगलनं ठेवली. म्हणजे १२.५ अब्ज पाण्यात गेले म्हणणं चूक आहे. पण विहिरीला पाणी किती, हा प्रश्न राहतोच. या पेटंटांची आणि तंत्रज्ञानाची किंमत गूगलनं स्वतः ५.५ अब्ज धरली होती. आपली पेटंट वापरल्याबद्दल मायक्रोसॉफ्टकडून मोटोरोला वर्षाला ४ अब्ज डॉलर मागत होती, आणि सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी एप्रिल २०१३ मध्ये ती रक्कम वर्षाला १८ लाख डॉलरच्या घरात आणून ठेवली. शिवाय मधल्या काळात फोनचा धंदा तोट्यातच चालला. २०१३ च्या शेवटच्या तिमाहीत ३८.४ कोटी डॉलरचा तोटा झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये ४,००० लोकांना घरी बसवलं. त्या लोकांचा विचार केला की नुसता फायद्या-तोट्याचा आकडा पुरत नाही असं मला मनापासून वाटतं.

तरीही माझ्या हातातला फोन त्याच तोट्याच्या काळात घडला. गूगलला फोनवर नफा कमवायची घाई नव्हती, जाहिरात आणि शोध यांतून तिचं पोट भरत होतं. म्हणून मोटोरोलाला चांगला फोन कमी भावात विकण्याची मोकळीक मिळाली. तिच्या तोवरच्या इतिहासात सगळ्यात जास्त खपलेला स्मार्टफोन हाच ठरला. माझं मत असं, की मालकाच्या वहीत हा सौदा आतबट्ट्याच्या जवळपास असेल, गिऱ्हाइकाच्या वहीत मात्र तो नक्की जमेला आहे.

दुसरं उदाहरण घरातच आहे. जळगावच्या त्याच चुलतभावाकडे नोकियाचा, विंडोजवर चालणारा लुमिया होता. मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोन धंदा ५.४४ अब्ज युरोत घेतला, एप्रिल २०१४ मध्ये ताबा घेतला, आणि जुलै २०१५ मध्ये त्या सौद्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले, वर ७,८०० नोकऱ्या कमी करायचं सांगितलं. चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना करवादामुळे सौद्यातून बाहेरच राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बंद पडला. भावाचा फोन मजबूत होता, कॉलचा आवाज स्वच्छ होता, पण त्याच्या बँकेनं विंडोजसाठी अ‍ॅपच काढलेलं नव्हतं. फोन चांगला असून भागत नाही, त्यावर बाकीचं जग यायला लागतं. अँड्रॉइडवर ते आधीच आलेलं होतं. गूगलच्या हातातली मोटोरोला आणि मायक्रोसॉफ्टच्या हातातला नोकिया यांत मला हाच मुख्य फरक दिसतो.

पुढचं सांगायचं तर, लेनोवोनं ऑगस्ट २०१५ मध्ये ३,२०० लोक कमी करायचं आणि फोनचं डिझाइन व उत्पादन जास्त करून मोटोरोलाकडे सोपवायचं जाहीर केलं. साधं अँड्रॉइड त्यांनी तोवर बिघडवलेलं नव्हतं. तिसरा मोटो जी २८ जुलै २०१५ ला आला. त्यात कार्डाला जागा आहे आणि एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत तग धरण्याची क्षमता आहे. ८ जीबीचा तेव्हा ११,९९९ ला होता, १६ जीबीचा १२,९९९ ला. भाच्याला डिप्लोमासाठी धुळ्याला जायचं होतं, त्याला मी १६ जीबीचाच घ्यायला सांगितलं, कारण त्यात रॅमही २ जीबी मिळत होती. हजार रुपये वाचवण्यात अर्थ नव्हता. पावसात न्यायचा असेल तर मागचं झाकण चारही कडांनी नीट दाबून बसवायचं, ते सैल राहिलं तर पाण्यापासूनचं संरक्षण मिळत नाही.