नाव नको, बोटीचा नंबर घेऊन जा

आमच्या मावशीचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय: "आमचो आजो रांचीर भंडारी होतो." परळच्या चाळीत वाढलेल्या आम्ही पोरांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की पणजोबा रांचीला होते. आणि जातीने भंडारी तर आपण आहोतच, त्यात सांगण्यासारखं काय? ते बोटीवर होते हेही सगळ्यांना माहीत. पण रांचीत समुद्र कुठला, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

चाळ पाडायला निघाली तेव्हा मावशीच्या ट्रंकेत पत्र्याची एक नळी सापडली. आत पणजोबांचा डिस्चार्जचा, म्हणजे बोटीवरची नोकरी संपल्याचा कागद, १९३१ सालचा. घडीवर फाटलेला, बोटीचं नाव होतं तिथे वाळवीचं भोक.

ती बोट कोणती, हे शोधायला निघाले. आधी पैसे घालवले ते सांगते. घराण्याचा इतिहास शोधून देणारी एक कंपनी आहे, नाव लिहीत नाही. साडेसहा हजार घेतले आणि चौदा पानांचा गुळगुळीत अहवाल दिला. त्यात काय, तर जुन्या बोटींवरच्या अकरा 'भंडारी' लोकांची यादी, 'तुमचे संभाव्य नातेवाईक' म्हणून. त्यातले काही सिल्हेटचे, काही चितगावचे! अहो, बोटीवर भंडारी म्हणजे खलाशांचा जेवणवाला. सारंग, टिंडेल, सुकाणी, कसाब ही जशी हुद्द्यांची नावं, तसंच हे. (कसाब म्हणजे खाटीक नव्हे, स्टोअर सांभाळणारा.) हे मला आमच्याच बिल्डिंगमधल्या एका निवृत्त बोटवाल्याने चहा पिता पिता फुकटात सांगितलं. वर म्हणाला, "नाव काय शोधतेस? नंबर बघ ना."

डिस्चार्जच्या कागदावर बोटीच्या नावाजवळ बारीक अक्षरात एक ऑफिशियल नंबर असतो. बोट विकली, नाव बदललं, तरी हा नंबर बदलत नाही. आमच्या कागदावर तो वाळवीच्या भोकाच्या जरा खाली, शाबूत होता. इंग्लंडच्या 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट'च्या साइटवर हे सहा आकडे टाकले. एक पैसा लागत नाही. उत्तर आलं: रांची. पी अँड ओ कंपनीची, १९२५ साली बांधलेली, लंडन-मुंबई टपालाची बोट. रावळपिंडी, राजपुताना आणि रणपुरा या तिच्या बहिणी.

मी तशीच बसून राहिले. गाव असतं तर मावशी 'रांचीक' म्हणाली असती. ती 'रांचीर' म्हणत होती. रांचीवर! आमचं मालवणी कच्चं, दुसरं काय.

पुढचं काम कॅनडात. ब्रिटिश बोटींच्या १८६३ ते १९३८ या काळातल्या क्रू लिस्ट, म्हणजे खलाशांच्या याद्या, एका जागी नाहीत. पाचाने संपणाऱ्या सालांच्या मुख्यतः ग्रिनिचच्या म्युझियममध्ये, दहा टक्के नमुना लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, आणि सुमारे सत्तर टक्के न्यूफाउंडलँडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत, मेरिटाइम हिस्ट्री आर्काइव्हमध्ये. ऑफिशियल नंबर आणि साल कळवलं की ते शोधून प्रत देतात. पैसे डॉलरमध्ये, त्यावर माझ्या बँकेने आपला चार्ज लावलाच. देशी खलाशांचा करार गोऱ्यांपेक्षा वेगळा असायचा, म्हणून ईमेलमध्ये 'लास्कर अ‍ॅग्रीमेंट'ही बघा असं स्पष्ट लिहा. मला नीट उत्तर आलं, फाइलही आली. त्यांना पाचपैकी पाच मार्क.

आणि पणजोबा सापडले. नावाच्या स्पेलिंगमध्ये तीन चुका, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. नावाने शोधत बसले असते तर जन्मात मिळाले नसते. गाव मालवणजवळचं, कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं. मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं. जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग झाला १९८१ साली. वय चौतीस. हुद्दा भंडारी. आधीची बोट वेगळीच, म्हणजे तिचा नंबर काढून आता आणखी एक प्रत मागवायची.

तुमचं माणूस महायुद्धात बोटीबरोबर गेलं असेल तर रस्ता वेगळा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं. तिथे नावाने शोधत असाल तर चार-पाच स्पेलिंगं करून बघा. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तर आपल्या मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्येच आहे.

एक सांगायचं राहिलं. प्रत रंगीत मागा. मी आधी काळी-पांढरी छापून मावशीकडे नेली, तर सहीच्या रकान्यात नुसता काळा डाग. म्हणाली, "ह्यो काय, शाई सांडली?" रंगीत नेली तेव्हा चष्मा लावून बराच वेळ बघत होती. जांभळा अंगठा होता तो, रेघा सुटून दिसत होत्या.