रजिस्ट्री आणि बाळंतविडा : न्यूजर्सीतील चौदा महिन्यांचा अनुभव

आमची मुलगी आता चौदा महिन्यांची झाली आहे. तिच्या जन्मापूर्वी एडिसनमधल्या मैत्रिणींच्या आग्रहावरून आम्ही जी बेबी रजिस्ट्री केली होती, तिच्यातल्या कोणत्या वस्तू खरोखर हाताशी लागल्या, कोणत्या खोक्यातच राहिल्या आणि ही सोय मुळात कितपत कामाची आहे, हे लिहायला मी मुद्दामच इतके महिने थांबले. पहिल्या महिन्यात लिहिले असते, तर पाळण्यावर फिरणाऱ्या सुरेल खेळण्याची स्तुती केली असती. ते खेळणे त्यानंतर दहा वेळाही लागलेले नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर होणाऱ्या आईबापांनी दुकानाच्या संकेतस्थळावर आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी करायची, तिचा दुवा बेबी शॉवरच्या आमंत्रणासोबत पाठवायचा आणि पाहुण्यांनी त्यातली एकेक वस्तू विकत घेऊन ती यादीतून उतरवायची, अशी ही अमेरिकेत रुळलेली रीत आहे. माझ्या आईला ती प्रथम अतिशय उर्मट वाटली. "अगं, आहेर काय मागून घ्यायचा असतो का?" असे तिने पुण्याहून फोनवर विचारले. मग मी तिला म्हटले, की बाळंतविडा करताना काय लागते हे आजीला जसे तोंडपाठ होते, तसे इथे कोणालाच नसते, म्हणून ते लिहून ठेवतात. हे तिला पटले. मात्र मूल जन्मण्याआधी घरात कपडालत्ता आणायचा नाही, हा तिचा हट्ट कायम राहिला. शेवटी कार सीट तेवढी आधी येईल आणि बाकीची खोकी मैत्रिणीच्या तळघरात राहतील, अशी तडजोड झाली.

कार सीटला अपवाद करणे भागच होते, कारण ती नसेल तर बाळाला घरी न्यायचे कसे, हा प्रश्न रुग्णालयातच उभा राहतो. न्यूजर्सीच्या २०१५ पासूनच्या कायद्यानुसार दोन वर्षांखालील आणि ३० पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मुलाला गाडीत मागे तोंड करून, पाच ठिकाणी धरणाऱ्या पट्ट्यांच्या सीटमध्येच बसवावे लागते. यादीतली सर्वांत मोलाची वस्तू हीच, आणि नेमकी तीच निवडताना लोक रंग आणि कापड पाहतात, असे मला दिसले. पाहायचे ते हे, की ती आपल्या गाडीच्या मागच्या आसनावर घट्ट बसते का आणि तिच्यावर छापलेली वापराची मुदत किती आहे. कारण या सीटना मुदत असते, ती सहा ते दहा वर्षांच्या आसपास असते. अपघातातून गेलेली किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेली जुनी सीट कोणी कितीही प्रेमाने दिली, तरी घेऊ नये.

आम्ही ती स्वतः बसवली आणि छान बसली असे समजलो. नंतर पोलीस ठाण्याच्या आवारात मोफत तपासणी होते, तिथे गेलो. तिथल्या प्रशिक्षित माणसाने जिथून पट्टा जातो तिथे सीटला हात घालून ती हलवली, तेव्हा ती चांगली तीन बोटे सरकली. एक इंचापेक्षा अधिक हलता कामा नये, असे सांगून त्याने गुडघ्याचा भार देऊन पट्टा ओढला आणि मग माझ्या नवऱ्याकडून तेच दोनदा करून घेतले. खांद्यावरच्या पट्टीला चिमटा काढून पाहायचा, चिमटीत पट्टी आली तर ती सैल आहे, हेही तिथेच कळले. आमचे मूल जानेवारीतले असल्यामुळे याचा पुढचा भाग फार महत्त्वाचा ठरला. जाड, फुगीर कोटात बाळाला गुंडाळून पट्टे लावले, तर ते घट्ट भासतात, पण धक्का बसताच कोट दबतो आणि बाळ पट्ट्यांत सैल पडते. म्हणून अंगावर पातळ कपडे, वर घट्ट पट्टे आणि पट्ट्यांच्या वरून पांघरूण, असा क्रम ठेवावा लागतो. भेट म्हणून आलेले तीन गोंडस कोट त्यामुळे गाडीत निरुपयोगी ठरले, आणि आईने तुळशीबागेतून आणलेली कुंची आणि दुपटे मात्र पट्ट्यांवरून पांघरायला रोज लागले.

झोपण्याच्या साहित्याविषयी आमच्या घरात खरा वाद झाला, आणि तो यादी करतानाच व्हायला हवा होता, असे आता वाटते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचना स्पष्ट आहेत: बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, फक्त ताणून बसवलेल्या चादरीवर झोपवावे, आईवडिलांच्या खोलीत पण वेगळ्या बिछान्यावर, आणि त्या बिछान्यात उशी, पांघरूण, मऊ खेळणे यांपैकी काहीही नसावे. पाळण्याच्या कडेला बांधायच्या गाद्या आणि १० अंशांपेक्षा अधिक उतार असलेली झोपण्याची साधने विकण्यास त्याच वर्षी झालेल्या कायद्याने बंदी आली. आईने मात्र डोके गोल व्हावे म्हणून ओक ट्री रोडवरच्या दुकानातून मोहरी घेऊन लहानशी उशी शिवली होती, आणि स्वतःच्या जुन्या पातळांची गोधडीही पुण्याहून आणली होती. उशी तिने दोन दिवसांच्या अबोल्यानंतर बाजूला ठेवली. गोधडीला मात्र उत्तम जागा मिळाली: बाळ जागे असताना आणि आपले लक्ष असताना त्याला पोटावर ठेवायचे असते, त्यासाठी दुकानात कमानी आणि घंटा लावलेल्या सतरंज्या मिळतात, त्या सगळ्यांपेक्षा जमिनीवर पसरलेली ही गोधडी सरस ठरली. तिला पकड होती, ती धुता येत होती आणि तिच्यावरचे लाल टाके पाहत आमची मुलगी मान उचलायला शिकली.

तेव्हा यादीत एक साधा, सपाट पाळणा, त्याला बसेल अशी टणक गादी आणि तीन चादरी घालाव्यात. चादरी तीनच का, तर रात्री दोनदा ओल्या झाल्या तरी तिसरी हाती असते. पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी दोन मापांत घ्यावी. हातपाय बांधून गुंडाळायची खास वस्त्रे आम्ही चार घेतली होती. बाळ कुशीवर वळू लागण्याची चिन्हे दिसताच गुंडाळणे थांबवावे लागते, त्यामुळे दोन पुरली असती.

कपड्यांच्या बाबतीत माझे मत जरा कडवट आहे. भेटी देणाऱ्यांना झालरीचे फ्रॉक आवडतात, आणि बाळंतिणीला पहाटे तीन वाजता अंधारात काय उघडता येते एवढेच महत्त्वाचे वाटते. पायापासून गळ्यापर्यंत टिचबटणे असलेला पोशाख झोपेत लावताना एक बटण हमखास चुकते आणि शेवटी एक भोक उरते. म्हणून दोन्ही टोकांनी उघडणारी चेन असलेलेच पोशाख मागावेत. त्याहून चांगली होती ती आपली बंदांची झबली. नाळ गळून पडेपर्यंतच्या दिवसांत पुढून उघडणारे, बेंबीवर न घासणारे आणि डोक्यातून न घालावे लागणारे झबले जितके उपयोगी, तितके त्या संपूर्ण दुकानात काहीही नव्हते. मलमलीचे चौकोनी कापड मात्र भरपूर मागावे. त्याचा चारांचा संच तेहेतीस डॉलरला आलेला पाहून आई म्हणाली, "हे तर बाळुतंच आहे गं, फक्त कोरं." तरीही ते कमीच पडले, कारण खांद्यावर, मांडीवर, गाडीत आणि दूध पाजताना पदर म्हणून तेच लागते.

नवजात बाळाला दिवसाला दहाच्या आसपास डायपर लागतात, हे ऐकून आम्ही सर्वांत लहान मापाची चार खोकी मागितली. ते माप साधारण १० पौंडांपर्यंतचे असते, आमची मुलगी साडेआठ पौंडांची जन्मली, त्यामुळे दोन खोकी न उघडता परत गेली. पहिल्या आणि दुसऱ्या मापांत विभागून मागावीत. घाणेरडे डायपर कोंडणारा खास डबाही आला होता. त्याला त्याच कंपनीच्या पिशव्या लागतात, आणि झाकणाचा साधा कचऱ्याचा डबा रोज रिकामा केला की तेच काम होते. बाळाला पुसायचे ओले रुमाल (वाइप्स) गरम करणाऱ्या यंत्राविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दूध काढायचा पंप यादीत घालू नये, ही सूचना मला कोणी वेळेवर दिली असती तर बरे झाले असते. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे इथल्या बहुतेक विमा योजनांना तो द्यावाच लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी लागू शकते आणि कोणता मिळेल हे विमा ठरवतो, एवढेच. आमच्याकडे एक पंप विम्यातून आणि दुसरा नवऱ्याच्या कार्यालयातल्या मंडळींकडून आला. बाटल्यांचा मोठा संच घेण्याऐवजी दोन-तीन प्रकारच्या एकेक बाटल्या घ्याव्यात, कारण बाळ कोणती धरेल याचा नेम नसतो. आमच्या बाईसाहेबांनी चार महागड्या बाटल्या थुंकून दिल्या आणि औषध तेवढे आजीच्या चांदीच्या बोंडल्याने घेतले.

ज्या लहानसहान वस्तू कोणी शॉवरमध्ये देत नाही, त्या मुद्दाम लिहाव्यात. साधा डिजिटल थर्मामीटर हवाच, कारण तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला तर लगेच डॉक्टरांना कळवायचे असते, आणि कानात धरायचे महाग थर्मामीटर सहा महिन्यांपर्यंत भरवशाचे नसतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायला डॉक्टर सांगतात, त्याची बाटली लिहावी. नाक साफ करायची नळी लिहावी. अंघोळीचा टब मात्र घाई करून घेऊ नये. नाळ पडेपर्यंत बाळाला नुसते पुसूनच घ्यायचे असते, आणि त्यानंतर आईने न्हाणीघरातल्या मोठ्या टबात पाट ठेवला, त्यावर ती पाय लांब करून बसली आणि नातीला पायांवर पालथी घेऊन खोबरेल तेलाने चोळून न्हाऊ घातले. चाळीस डॉलरचा निळा टब बाजूला उभा होता. त्यात आम्ही दुपटी भिजत घातली.

आता सेवेविषयी. आम्ही आधी एका मोठ्या दुकानात यादी केली. त्या दुकानाची तयार यादी शंभरावर वस्तूंची होती, आणि एखादी गाळली की "अजून हे राहिले आहे" अशी टोचणी स्क्रीनवर सतत लागे. जेमतेम दोन खोल्यांच्या घरात, जिथे बाळाने कूस बदललेलीही ऐकू येते, तिथे कॅमेऱ्याचा मॉनिटर नसल्याबद्दल ते दुकान आम्हाला तीन महिने चिंता वाटायला लावत होते. वस्तू परत करण्याची मुदत उदार होती, परंतु पाहुण्यांनी मोजलेली किंमत न देता त्या दिवशीची सवलतीची किंमत आमच्या खात्यावर जमा केली गेली, आणि तीन फोन करूनही ते बदलले नाही. शिवाय वस्तू हाताळून निवडायला जागाही फारशा उरलेल्या नाहीत: बाळांच्या वस्तूंच्या मोठ्या साखळ्यांपैकी २०१८ मध्ये बेबीज आर असची दुकाने उठली आणि २०२३ मध्ये बाय बाय बेबीची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यामुळे बाबागाडीसारखी वस्तू मैत्रिणीची उचलून, घडी घालून पाहावी. आम्ही तसे केले, म्हणून लिफ्ट नसलेल्या आमच्या जिन्यात ती एका हाताने नेता येते.

पुढे आम्ही बेबीलिस्ट या सेवेकडे वळलो. तिच्यात कोणत्याही दुकानातली वस्तू एकाच यादीत घेता येते, पाहुण्यांना मोठ्या वस्तूसाठी थोडेथोडे पैसे घालता येतात, आणि वस्तू नसलेली मदतही लिहिता येते. पाहुणा खरेदीसाठी दुसऱ्या दुकानात जात असल्यामुळे त्याने आठवणीने खूण करावी लागते. आमच्या आत्याबाई ती विसरल्या आणि झोपेच्या पिशव्या दोन ठिकाणांहून आल्या. भारतातल्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे, की तिथल्या कार्डावर परदेशी व्यवहार स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. मामाची संध्याकाळ त्यात गेली.

वस्तू नसलेली मदत हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. बाळंतविड्यात झबली-टोपरी असत, तसे बाळंतिणीसाठी डिंक, अळीव आणि खारीकही असे. दुकानाच्या शंभर ओळींत आईसाठी जवळजवळ काहीच नव्हते. मी भीतभीतच लिहिले: "गरम भाकरी, पालेभाजी, मऊ भात, आठ दिवस, दुपारचा डबा." एका रात्रीत आठही दिवस भरले. आई व्हिसाच्या घोळामुळे बाराव्या दिवशी पोचली, तोवर दार वाजले की त्यासोबत कोणाच्या तरी शेपूचा वास येई.

नणंदेचे दिवस जूनमध्ये भरतात. कार सीट तिने यादीत घालू नये, असे मी तिला कळवले आहे. आमची एकाही अपघातातून गेलेली नाही, तिच्यावरची मुदत अजून पाच वर्षांची आहे, आणि पुढच्या रविवारी आम्ही ती फिलाडेल्फियाला नेऊन बसवून देणार आहोत.