जनता, कॅसिओ आणि एक निळा पायलट: अकरा महिन्यांनंतर

घड्याळं जमवणं म्हणजे लाखांचा खेळ, अशी समजूत असल्यामुळे मी या छंदाच्या वाटेला कधी गेले नव्हते. मागच्या वर्षी पट्टा बदलायला गेले आणि दुरुस्तीवाल्या काकांच्या काचेखाली एचएमटी जनता दिसलं. आकडे देवनागरी, ‘जनता’ हे नावही देवनागरीत. सर्व्हिसिंगसकट अठराशे रुपये. घेतलं.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला. आता तो सगळा इतिहासजमा, त्यामुळे हाती येतो तो बहुतेक जुना माल. जनताला रोज चावी द्यावी लागते. मी चहाचं आधण ठेवलं की देते. वीस-बावीस फेरे झाले की चावी घट्ट लागते, तिथे थांबायचं. दिवसाला अर्धा-पाऊण मिनिट पुढे जातं, माझी तक्रार नाही. आकाराने आजच्या पुरुषी घड्याळांपेक्षा लहान, माझ्या मनगटावर बेताचं बसतं. तरी ऑफिसात दोघींनी विचारलंच, “नवऱ्याचं घातलंस का गं?”

चौथ्या महिन्यात ते एकाएकी तासाला पाच-सहा मिनिटं पुढे पळायला लागलं. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, “स्पीकरवर ठेवत होतात का?” ठेवत होतेच, रोज रात्री! आतली केसासारखी बारीक स्प्रिंग स्पीकरमधल्या चुंबकामुळे वेटोळ्याला वेटोळं चिकटते, आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. त्यांनी चुंबकत्व घालवणाऱ्या एका डबीवर धरून बटण दाबलं, मिनिटभरात काम झालं. पैसे घेतले नाहीत.

दुसरं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. १९८९ पासून तेच रूप, वजन २१ ग्रॅम, बॅटरी सुमारे सात वर्षं चालते म्हणतात. भांडी घासताना, पावसात, बसच्या गर्दीत हेच. दिवा मात्र नावालाच. अंधारात फक्त डावीकडचा कोपरा उजळतो.

तिसऱ्याने फसवलं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आकाशी तबकडीचा ‘दुर्मिळ’ एचएमटी पायलट मागवला, अडीच हजारांना. काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि नुसतं “हं” म्हणाले. मग मलाही दाखवलं: अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक, मागचं झाकण भलत्याच मॉडेलचं. पायलटची मूळ ओळख काळ्या तबकडीची. हे कुणीतरी रंगवून चकाचक केलेलं. विक्रेत्याने परत घेतलं नाही. तेव्हापासून तबकडी फार नवी दिसली की मी आधी हात आखडते. जुनी, डाग पडलेली पण अस्सल तबकडी मला चालते.

नवख्यांना एवढंच सांगेन, जुनं चावीचं घड्याळ घेताना सर्व्हिसिंगचे पाच-सातशे किमतीत धरा, आणि घड्याळाच्या आधी दुरुस्तीवाला शोधा.

पायलट विकला नाही. मशीन चांगलं आहे, काका म्हणतात काळी मूळ तबकडी मिळाली तर बसवून देतो. दर शनिवारी विचारून येते.