प्रकट मुलाखत की रंगपटातल्या गप्पा?

सिंधुदुर्गातील दशावतार या लोकनाट्याच्या कलावंतांना मोकळेपणी बोलते करायचे असेल, तर सभागृहातील प्रकट मुलाखतीपेक्षा जत्रेच्या रात्री रंगपटात रंगणाऱ्या गप्पांना मी निःसंकोच पसंती देईन. मुलाखतीत बालपण, गुरू, पुरस्कार हा क्रम ठरलेला असतो. तिचे ध्वनिमुद्रण मागे उरते, हा लाभ मात्र मोठा आहे. रंगपटात, हातातल्या आरशात बघत स्वतःची रंगभूषा करणारा स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा) नट शेजारच्या राजपार्टी (राजाची भूमिका करणाऱ्या) नटाला कालचे कोणते उत्तर फसले ते स्पष्ट सांगतो, कारण लिखित संहितेवाचून संवाद उभे करणाऱ्यांना एकमेकांच्या हजरजबाबीपणावरच विसंबावे लागते. मानधन, जागरणाने बसलेला आवाज, पावसाळ्यात नाटके थांबल्यावर करायची शेती हे विषयही तिथेच निघतात. श्रोत्यांसमोर त्यांबद्दल सहसा कोणी बोलत नाही.