वास्तुविशारदाकडून निसर्गचित्रण: नागपुरातील रविवारचा जलरंग वर्ग

उमेदीची बरीच वर्षे इमारतींचे नकाशे आखण्यात घालवून, पुढे व्यवसाय बंद करून पूर्णवेळ निसर्गचित्रणाकडे वळलेले एक ज्येष्ठ वास्तुविशारद नागपुरात दर रविवारी सकाळी प्रत्यक्ष जागेवर बसून जलरंग शिकवतात. ही वाट अनोळखी नाही. न्यूयॉर्कमध्ये दीर्घकाळ वास्तुरेखाटन करणारे थॉमस शॅलरही आज जलरंगचित्रकार म्हणूनच ओळखले जातात. सरांच्या कामात मला विशेष वाटते ते हे की, नकाशाच्या टेबलावरची शिस्त त्यांनी टाकून दिलेली नाही, तिला वेगळ्या कामाला लावले आहे.

हेन्री मेड यांनी आराखडा केलेली आणि १९४० मध्ये खुली झालेली उच्च न्यायालयाची इमारत रंगवताना सर आधी क्षितिजरेषा ठरवतात, मग घुमट आणि दोन्ही बाजूंचे पसरलेले भाग मोजक्या रेषांत बसवतात, आणि खिडक्या पेन्सिलीने काढतच नाहीत. त्या शेवटी सावलीच्या चार-दोन फटकाऱ्यांतून उमटतात. प्रमाण हातात मुरलेले असल्यामुळेच इतके तपशील गाळण्याचे धाडस त्यांना होते, असे माझे मत आहे.

उन्हाळ्यातला वर्ग तर आवर्जून करावा असा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की सकाळीही आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कुंचला दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच वाळतो आणि मध्येच कडक कड उमटते. यावर सर ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवतात, बोर्ड किंचित तिरका धरतात, जाड कुंचल्याने रंगाचा ओघळ खालच्या कडेला सतत ओला ठेवत नेतात आणि कागद ओला आहे तोवरच त्यात दूरच्या झाडांचा रंग सोडतात. हे पाहत असताना शेजारी उभे राहून करून बघायला मिळते, हीच या वर्गाची खरी मिळकत.

उणीव एकच जाणवली. यथार्थदर्शनाला, म्हणजे कागदावर अंतर आणि खोली दाखवण्याच्या तंत्राला, भरपूर वेळ मिळतो, पण झाडांना फारच थोडा. सिव्हिल लाइन्ससारख्या भागात, जिथे इमारतीपेक्षा कडुनिंबाची सावलीच जास्त जागा व्यापते, तिथे हे खटकते. शुल्क थोडे जास्त वाटले, तरी प्रत्येकाच्या चित्रापाशी थांबून चूक नेमकी कुठे झाली ते सर सांगतात, त्यामुळे ते मला योग्य वाटते. कुंचला अगदीच नव्याने हाती घेणाऱ्यांनी मात्र घरी काही दिवस नुसत्या वॉशचा सराव करून मगच नाव नोंदवावे, आणि कागदात काटकसर करू नये.