शाळेतलं पॅड-यंत्र: पाच रुपयांचं नाणं अडतं कुठे?

सॅनिटरी पॅड देणारं, भिंतीवरचं, स्प्रिंगच्या वेटोळ्यांचं साधं यंत्र. नाणं टाका, वेटोळं एक फेरा फिरतं, पॅड खाली पडतं. कल्पना चांगली, पण शाळेत ते बहुधा नाण्यापाशीच अडतं. पाच रुपयांची नाणी जाड-पातळ, हलकी-जड अशी अनेक चलनात आहेत. यंत्र एकाच प्रकारावर बसवलेलं असेल तर बाकीची परत फेकतं. घेण्यापूर्वी चार प्रकारची नाणी टाकून बघा. खरं तर शाळेत नाण्याऐवजी बटणच हवं. जिच्याकडे पाच रुपये नाहीत, तीच मुलगी घरी राहते.

यंत्र भरताना पॅडचं पाकीट वेटोळ्याच्या दोन वेढ्यांत सैल बसायला हवं. जाड पॅड कोंबलं की मोटर घरघरते आणि पॅड अधांतरी लटकतं. वीज गेली की सगळंच ठप्प, म्हणून बॅटरीचं मॉडेल घ्या.

दराचंही बघा. राज्य सरकारच्या 2018च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड होते. जनऔषधी केंद्रात 2019पासून 'सुविधा' पॅड रुपयाला एक. इथे पाचाला एक म्हणजे महागच.

जागा मुलींच्या स्वच्छतागृहात, शिक्षकखोलीबाहेर मुळीच नको. किल्ली दोघींकडे असावी, नाहीतर बाई रजेवर आणि यंत्र रिकामं. शेजारी झाकणाचा डबा आणि नळाला पाणी नसेल तर पैसे आधी तिकडे घाला.